टायर घेतेस की नांगर?

मातीच्या मैदानावर गाडी पळवताना टायर फुटला तेव्हा मला वाटलं, खिळा गेला असेल. चाक काढून उलटंसुलटं करून पाहिलं, तर ट्रेडला, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्याला काहीच नाही, नक्षी चांगली सहा मिलिमीटर शिल्लक. चिरा होत्या साइडवॉलवर, टायरच्या बाजूच्या भिंतीवर. दोन. एक खांद्याजवळ, म्हणजे ट्रेड आणि साइडवॉल जुळतात तिथे, आणि एक अगदी रिमच्या कडेलगत, साप चावल्यावर दोन दात उमटावेत तशा. वळणाच्या आतल्या बाजूला एक दगड अर्धवट गाडलेला होता. त्यावर चाक चढलं, टायर पार चेपला आणि एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला रिमची कड अशा कात्रीत रबर सापडलं. टायरचा जो भाग जमिनीला लागतच नाही म्हणून मी कधी नीट बघितलाही नव्हता, नेमका तोच गेला.

तिथून पुढे दीड वर्ष मी टायर या एकाच विषयात घातलं. त्यात दोनदा चुकले, एकदा थोडक्यात वाचले.

गाडी साधी हॅचबॅक, फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या चाकांना. कारखान्यातून आलेला टायर २०५/५५ आर १६. मातीचं एक बंदिस्त मैदान वापरायची परवानगी आम्हा सात-आठ जणांना आहे. तिथे शंकू मांडून मार्ग आखायचा, हेल्मेट घालायचं, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि मग वेगात जाऊन ती आडवी टाकायची, म्हणजे आडवी घसरवत वळवायची, एवढाच उद्योग. (रस्त्यावर हे करायचं नाही. एकदा सांगितलं, पुन्हा सांगत नाही.) मैदानाची जमीन वरून मोकळी आहे, बोटभर मुरूम आणि बारीक खडी. त्याखाली मात्र दगडासारखी टणक. वर सैल, खाली घट्ट ही गोष्ट मला तेव्हा महत्त्वाची वाटली नव्हती. पुढचा सगळा खर्च त्यामुळेच झाला.

फुटलेल्या टायरवरचे आकडे त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचले. २०५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे त्या रुंदीच्या ५५ टक्के साइडवॉलची उंची, इथे साधारण ११३ मिलिमीटर. १६ म्हणजे रिमचा व्यास इंचात. पुढे ९१ व्ही. ९१ हा भाराचा निर्देशांक, एका टायरला ६१५ किलो. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. मी ज्या मैदानात ताशी ७० ला पोहोचले तरी श्वास रोखून धरते, तिथे २४० ची सोय असलेला टायर घेऊन फिरत होते, आणि दगड व रिम यांच्यामध्ये उशी होती फक्त ११३ मिलिमीटरची. त्याच साइडवॉलवर, मुंगीएवढ्या अक्षरात, टायर कशाचा बनलाय तेही छापलेलं असतं. माझ्या टायरवर ट्रेडखाली पोलादाचे दोन थर, नायलॉनचा एक, पॉलिएस्टरचा एक असं लिहिलं होतं. साइडवॉलपुढे फक्त: पॉलिएस्टर, एक थर. मोबाइलचा टॉर्च लावून मी ते तीनदा वाचलं. एक थर! शर्टाला खिसा शिवताना आपण दोन घालतो.

तर मग निदान सरळ झालं: साइडवॉल जाड हवी. आणि जाड साइडवॉलचा टायर म्हटल्यावर डोळ्यासमोर काय येतं? मोठमोठ्या बटणांचा, जीपला लावतात तसला चिखलाचा टायर. असा एक वापरलेला सेट १५ इंची लोखंडी रिमसकट मिळत होता. माप २०५/७० आर १५. विकणारा म्हणाला, जवळपास नवीन आहेत, नक्षी बघा की. मी नक्षी बघितली. बोट आत बुडत होतं. घेतले.

मैदानावर चाकं बदलत होते तेव्हा काका आले. काका आमच्या गटातले सर्वांत जुने, निम्मी हयात मातीत गाड्या पळवण्यात गेलेली. कमरेवर हात ठेवून त्यांनी चारही चाकांकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं, टायर घेतेस की नांगर?"

मी म्हटलं, "काका, पकड बघा ना किती असेल याची."

"चिखलात असेल. इथे चिखल दाखव मला."

मी दुर्लक्ष केलं. पहिल्याच फेरीत स्टीअरिंग पूर्ण वळवलं तर टायर चाकाच्या कमानीतल्या प्लॅस्टिकला घासायला लागला, खरवडल्याचा आवाज अख्ख्या मैदानाला ऐकू गेला. घरी येऊन गणित मांडलं. मूळ चाकाचा एकूण व्यास ६३२ मिलिमीटर, याचा ६६८. जवळपास पावणेसहा टक्के मोठा. म्हणजे स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी खरी ६३ च्या वर, आणि प्रत्येक गिअर तेवढाच लांबलेला. गाडी मरगळल्यासारखी का उठत होती ते कळलं. टायर हातात धरून वजनकाट्यावर उभी राहिले, मग टायर ठेवून एकटी उभी राहिले. बटणांचा टायर तेरा किलो भरला, जुना नऊ. चाकामागे चार किलो, तेही फिरत्या घेरावर, जिथे वजन सर्वांत जड पडतं. वेग घेताना ते फिरवायचं, ब्रेक लावताना थांबवायचं आणि प्रत्येक खड्ड्यानंतर शॉकअपने ते पुन्हा जमिनीवर आणायचं.

हे सगळं मी सहन केलं असतं. घासणारं प्लॅस्टिक कापताही आलं असतं. खरा घोळ वळणात होता.

आम्ही टायर तपासायला एक वर्तुळ आखतो. त्रिज्या २० मीटर, मधे शंकू, दोन्ही दिशांनी पाच-पाच फेऱ्या, स्टॉपवॉच दुसऱ्याच्या हातात. रस्त्याच्या टायरवर माझी फेरी सरासरी १३.४ सेकंदांची होती. बटणांच्या टायरवर १३.२. एवढा तामझाम करून दोन दशांश! पण सरासरीपेक्षा वाईट गोष्ट वहीत दिसली. रस्त्याच्या टायरच्या सगळ्या फेऱ्या एकमेकींच्या जवळ होत्या. बटणांच्या टायरवर कधी १२.८, कधी १३.७. गाडी एकदम धरायची, एकदम सोडायची, मग पुन्हा धरायची. आडव्या सरकणाऱ्या गाडीत बसल्यावर खालून ट-ट-ट असा हादरा यायचा, लाकडी जिन्यावरून खोका ओढत नेल्यासारखा. मला वाटलं माझंच चुकतंय. काकांना गाडी दिली. दोन फेऱ्या मारून ते उतरले आणि म्हणाले, "पकड हाय-नाय ते सोड. सुटायच्या आधी हा सांगत नाय, तेवढंच वाईट."

याचं कारण समजायला मला बराच वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वळताना चाकाचं तोंड एकीकडे असतं आणि चाक प्रत्यक्षात जातं थोडं वेगळ्या दिशेने. या दोहोंमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. डांबरावर हा कोन साधारण सहा ते दहा अंशांच्या आसपास असतो तेव्हा पकड सर्वांत जास्त, पुढे ती ओसरायला लागते. सैल मातीत असं टोकदार शिखर नसतं. चाक बरंच तिरपं झालं तरी पकड फारशी पडत नाही, कारण आडवा सरकणारा टायर पुढ्यातली माती ढकलत नेतो, तिचा छोटा बांध तयार होतो आणि त्या बांधाला टेकून गाडी वळते. (ब्रेकचंही हेच. सैल खडीवर चाकं लॉक झाली की त्यांच्यापुढे खडीची पाचर जमते आणि गाडी लवकर थांबते. एबीएस, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, ती पाचर जमूच देत नाही, म्हणून तिथे थांबायला उलट जास्त अंतर लागतं.) तेव्हा मातीत गाडी आडवी टाकणं हा नुसता देखावा नाही, माती तेच मागते. पण मग टायरचं निम्मं काम आडवं सरकताना होतं, आणि ते काम करतो खांदा, मधला पट्टा नव्हे.

आता चिखलाच्या टायरचा खांदा डोळ्यापुढे आणा. मोठा ठोकळा, मग बोटभर रुंद दरी, मग ठोकळा. चिखलात ही दरी लागतेच, कारण चाक गरागरा फिरून तिच्यातला चिखल बाहेर फेकतं आणि पुढच्या फेऱ्यासाठी ती मोकळी होते. कोरड्या, खाली टणक जमिनीवर त्या दरीला कामच नाही. टेकायला रबर कमी, आणि ठोकळे इतके उंच की जोर आला की आधी वाकतात, मग झटक्यात सरळ होतात. तोच तो ट-ट-ट.

त्यात आणखी एक. सेट विकत घेताना मी नक्षीची खोली बघितली, वय बघितलं नाही. साइडवॉलवर एका लंबगोलात चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या सेटवर ३५१६ होतं. २०१६ सालचा पस्तिसावा आठवडा. मी घेतले तेव्हा ते सात वर्षांचे झाले होते. नक्षी शाबूत असण्याचं कारण ते फारसे वापरलेच गेले नव्हते, पडून होते. पडून राहिलेलं रबर कडक होतं. एकाकडे रबराचा कडकपणा मोजायचं यंत्र होतं, घड्याळाच्या तबकडीला सुई लावल्यासारखं दिसतं. ते टेकवलं, शोर ए मोजपट्टीवर ७४. माझा जुना रस्त्याचा टायर ६६ होता. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसं झालं होतं. साइडवॉल फुटली म्हणून मी ट्रेड बदलला, तोही वाळलेल्या लाकडासारखा.

त्यानंतर मी काकांना सरळ विचारलं, काय घेऊ. त्यांनी उत्तर दिलं नाही, उलट विचारलं, "रॅलीच्या गाड्या खडीवर केवढा टायर लावतात, माहितेय?"

मला वाटलं केवढातरी रुंद असेल. जागतिक रॅली स्पर्धेत खडीच्या टप्प्यांसाठी वापरतात तो टायर २०५/६५ आर १५. त्याच गाड्या डांबरी टप्प्यांवर २३५/४० आर १८ लावतात. २०२२ ते २०२४ या काळातल्या रॅली१, म्हणजे त्या स्पर्धेतल्या सर्वांत वरच्या वर्गाच्या गाड्यांची ताकद हायब्रिडची विजेची मोटर धरून ५०० अश्वशक्तीच्या घरात होती, आणि खडीवर ती सगळी ताकद माझ्या हॅचबॅकएवढ्याच रुंदीच्या टायरमधून जमिनीत उतरत होती. फरक उंचीत. १५ इंची रिम आणि १३३ मिलिमीटरची साइडवॉल.

अरुंद का, तर पुन्हा ती सैल-घट्ट जमीन. टायरचा जमिनीला टेकणारा तुकडा केवढा, हे ढोबळमानाने चाकावरचा भार भागिले आतली हवा यावर ठरतं. रुंदी वाढवली तर तुकडा मोठा होत नाही, आकार बदलतो. रुंद टायरचा तुकडा आडवा पसरट, अरुंदचा उभा लांबट. सैल मुरमावर रुंद टायर तरंगतो, खडीच्या गोळ्यांवरून बॉलबेअरिंगवर ठेवल्यासारखा सरकतो. अरुंद टायर तो थर कापत खाली टणक जमिनीपर्यंत पोहोचतो. शिवाय लांबट तुकड्यात पुढचे ठोकळे वाट झाडतात आणि मागचे साफ जमिनीवर टेकतात. वाळूत हेच गणित उलटं. तिथे खाली टणक काही नसतंच, कापत गेलात की रुतलात. म्हणून डकार या वाळवंटी रॅलीतल्या टी१प्लस वर्गाच्या गाड्यांना २०२२ पासून ३७ इंची टायर असतात आणि वाळूच्या टेकड्यांवर त्यांतली हवाही उतरवतात. "मातीतला सगळ्यात चांगला टायर कुठला" असं कुणी विचारलं की मी आता आधी विचारते, मातीखाली काय आहे?

माप ठरवताना दोन गोष्टी सांभाळायच्या होत्या: एकूण व्यास मूळच्या जवळ राहावा आणि साइडवॉल वाढावी. दोन्ही साधायचं तर रिम लहान करणं आलं. १९५/६५ आर १५ चा व्यास निघतो ६३४ ते ६३५ मिलिमीटर, मूळच्या ६३२ ला अगदी चिकटून. साइडवॉल ११३ वरून १२७. चौदा मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या जाडीएवढी उशी वाढली, पण ज्या दगडाने माझा टायर खाल्ला त्याला तेवढी पुरली असती असं मला आजही वाटतं. रिम माझ्याकडे होतेच, नांगराबरोबर आलेले. फक्त पुढच्या ब्रेक कॅलिपरवरून (ब्रेकची चकती आवळणारा भाग) १५ इंची रिम किती अंतराने जातो ते बघायचं राहिलं होतं. आधी घासलं कमानीला तेव्हा तिकडे माझं लक्षच नव्हतं. काकांनी युक्ती सांगितली. कॅलिपरच्या सर्वांत उंच जागी ओल्या चिकणमातीची गोळी चिकटवायची, चाक बसवायचं, हाताने एक फेरा फिरवायचं, चाक काढायचं. गोळी चेपून जेवढी उरली तेवढं अंतर. माझी चार मिलिमीटर उरली. काका म्हणाले तीन असतं तरी चाललं असतं, पण खडा अडकला की रिमला आतून चरा पडणार. चार असूनही तसा एक चरा पडलाच आहे.

रिम लोखंडीच ठेवले. अलॉय हलका असतो, पण दगडावर आपटला की तडकतो. लोखंडी वाकतो, आणि वाकलेलं हातोड्याने बरंचसं सरळ होतं. पुढच्या उजव्या रिमची कड आता पत्र्याच्या डब्याच्या झाकणासारखी दिसते. हवा मात्र सोडत नाही.

टायर खडीच्या रॅलीचा घेतला. तो हातात घेतला तेव्हा पहिल्यांदा कळलं की नांगर आणि हा यांच्यात काय फरक आहे. ठोकळे लहान, जवळजवळ बसवलेले, कडा काटकोनात. बुडाशी ठोकळे एकमेकांना रबराच्या छोट्या पुलांनी जोडलेले, म्हणून अंगठ्याने कितीही रेटलं तरी वाकत नाहीत. रस्त्याच्या टायरवर ठोकळ्यांत ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात, ओल्या डांबरावर त्या उपयोगी. इथे तशा जवळजवळ नाहीतच, कारण खडी त्या चिरांमध्येच रबराला पकडते आणि तुकडे उचकटते. साइडवॉल इतकी ताठ की हवा नसतानाही टायर पिशवीसारखा बसत नाही. वजन साडेदहा किलो. एक बाण, फिरायची दिशा दाखवणारा. रस्त्यावर चालवायला मान्यता नाही, म्हणून चारही चाकं मागची सीट पाडून न्यायची, मैदानावर बदलायची, परतताना पुन्हा बदलायची. आठ चाकं, बत्तीस नट, एका दिवसात. पहिल्या महिन्यात हौस वाटते.

रबर मऊ, मध्यम, कडक अशा तीन प्रकारांत मिळत होतं. इथे मला शहाणपण आलं असं मी समजत होते, मऊ म्हणजे जास्त पकड. काकांनी जमिनीवर हात ठेवायला सांगितलं. दुपार होती, हात ठेववेना. तापलेल्या, खरखरीत, टणक जमिनीवर मऊ रबर खोडरबरासारखं झिजतं, ठोकळ्यांचे लचके तुटतात. मऊ हवं ते ओलसर, गार जमिनीवर. मी मध्यम घेतलं.

पहिल्या फेऱ्या कशा होत्या ते शब्दांत नीट येत नाही, तरी सांगते. वर्तुळात शिरले, थ्रॉटल धरला, वेग वाढत गेला आणि पुढचं टोक हळूहळू बाहेर जायला लागलं. हळूहळू. स्टीअरिंग आधी जड होतं, मग लोणी कापावं तसं हलकं होत गेलं, आणि त्या हलकेपणातच कळलं की आता थ्रॉटलवरचा पाय सोडायला हवा. सोडला. मागचं टोक सावकाश बाहेर आलं, एखादी होडी वळते तसं. मी स्टीअरिंग उलटं दिलं तोवर ते माझी वाट बघत थांबलं होतं. खालून हादरा नाही, एकसलग खरखर फक्त. वेळ १२.४ सेकंद, म्हणजे ताशी ३४ च्या जागी साडेछत्तीस. आणि दहाच्या दहा फेऱ्या तीन दशांशांत. स्टॉपवॉचवाला म्हणाला, आता मी झोपलो तरी चालेल.

एवढं सरळ झालं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण मग मला हवेचा नाद लागला.

टायरची हवा उतरवली की टेकणारा तुकडा लांबतो, पकड वाढते, हे कुठेही वाचायला मिळतं. मी चारही चाकांत २८ पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप) सुरुवात केली होती. २६ वर गाडी आणखी छान वाटली. २४ ला स्टीअरिंग थोडं गुबगुबीत, पण वेळ तीच. मी वाळूतल्या लोकांचे आकडे बघत होते, ते १५ पर्यंत जातात. म्हणून एका सकाळी सरळ पुढे १८ केली.

तिसऱ्या फेरीत, डावीकडे वळताना, पुढून फस्स असा एक लांब आवाज आला आणि उजवा कोपरा खाली बसला. सगळं एका सेकंदात. स्टीअरिंगने हातातून झटका दिला, खालून दात खाल्ल्यासारखा कर्र आवाज, आणि गाडी जागेवर अडखळून कलली. डावी चाकं उचलली गेली का ते मला ठाऊक नाही. बघणारे म्हणतात, मागचं डावं उचललं गेलं होतं. गाडी परत चार चाकांवर बसली.

टायर फुटला नव्हता. वळणात सगळा भार बाहेरच्या, म्हणजे उजव्या पुढच्या चाकावर येतो. आडव्या जोराने टायरची कड रिमवरून सोलून निघाली होती. कड जागेवर धरून ठेवते ती आतली हवा. ती १८ वर आणून मी धरणाराच काढून घेतला होता. उघड्या रिमने जमिनीत वीतभर लांब चर काढला. तो चर अजून आहे, आम्ही त्यावर शंकू ठेवतो. वाळूत १५ चालते कारण तिथे आडवा जोर कमी, वेग सांभाळून, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या रिमवर कड आवळून धरणारी बोल्ट लावलेली रिंग असते. हे मी वाचलं नव्हतं असं नाही. मला सोयीचा आकडा तेवढा मी उचलला.

टायर परत बसवायला अर्धा दिवस गेला. रिमची खाच आणि टायरची कड यांत मुरूम असा ठासला होता की आधी ब्रश, मग जुनी चावी, मग बोटाचं नख. एक कण राहिला तरी हवा झिरपते. काका बाजूला उकिडवे बसून बघत होते, बोलले काहीच नाहीत. शेवटी उठताना म्हणाले, "खडू आहे का तुझ्याकडे?"

खडूची पद्धत अशी. टायरच्या खांद्यापासून साइडवॉलच्या मध्यापर्यंत खडूची जाड उभी रेघ ओढायची, तीन ठिकाणी. पाच फेऱ्या मारायच्या. खडू जिथपर्यंत पुसला तिथपर्यंत टायर लोळला. खांद्याची धार ओलांडून साइडवॉलच्या बऱ्याच आत पुसला असेल तर हवा कमी आहे, धारेपर्यंत पोहोचलाच नसेल तर जास्त. मातीत रेघ धुळीने मळते, तरी घासलेली जागा वेगळी कळते. माझ्या गाडीचा आकडा असा निघाला: पुढे २६, मागे २९, टायर गार असताना. मागे तीन जास्त का? फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी स्वभावाने सरळ जाऊ पाहते, मागची पकड जरा कमी केली की वळायला राजी होते.

'गार असताना' हे शब्द मी वहीत लाल पेनने लिहिलेत. दहा मिनिटं पळवल्यावर तेच २६ चे ३० होतात. ढोबळ हिशेब, आतली हवा सात अंशांनी तापली की एक पीएसआय चढतो. सकाळी सातला मोजलेली हवा आणि दुपारी उन्हात उभ्या गाडीची हवा यांची तुलना करून मी दोन रविवार "टायर बदललाय" असं म्हणत बसले होते.

झिजेबद्दलही एक सांगायला हवं, कारण ते मला कुणी आधी सांगितलं नाही. रस्त्याच्या टायरला नक्षीतल्या खुणेपर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत आयुष्य असतं असं आपल्या डोक्यात बसलेलं आहे. मातीत खोली संपायच्या कितीतरी आधी टायर संपतो, कारण तिथे काम करते ठोकळ्याची धार. नव्या ठोकळ्याच्या कडेवरून बोट फिरवलं तर टोचते. सहा-सात दिवसांच्या सरावानंतर खोली निम्म्याहून जास्त असते, पण पुढची कड साबणाच्या वडीसारखी गोल झालेली असते. वर्तुळाची वेळ तेव्हा १२.८ झाली होती आणि मी दोष शॉकअपला देत होते. काकांनी ठोकळ्याच्या मागच्या कडेवर माझं बोट ठेवलं. ती अजून धारदार. मग डावी चाकं उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावली, म्हणजे टायर बाणाच्या उलट फिरेल आणि ती मागची कड पुढे येईल. हे काही पाठ्यपुस्तकी नाही, आणि ओल्या जमिनीवर मी करणार नाही. पण कोरड्यात १२.५ परत मिळाले आणि त्या सेटवर आणखी पाच दिवस निघाले.

सध्या वाद मागच्या जोडीवरून चालू आहे. पुढे नवे टायर टाकले, तेव्हा उलटून वापरलेले जुने फेकवेनात, म्हणून ते मागे लावले. गोल झालेल्या कडांमुळे मागची पकड कमी, त्यामुळे गाडी हँडब्रेक न ओढताच वळते. डावं-उजवं करत शंकूंमधून जाताना असा मजा येतो की काय सांगावं. पण सरळ जाताना जोरात ब्रेक दाबला की शेपटी कुत्र्यासारखी हलते. काकांचं म्हणणं ठाम आहे, "चांगले टायर मागे. घसरायची हौस असेल तर हँडब्रेक दिलाय कंपनीने." मी मागची हवा २९ वरून २७ केली आहे आणि अजून जुनेच चालवते आहे. तेरा शंकू होते, आता अकरा उरलेत.